हिरवी बडीशेप

"उद्यापासून बर्फ पडणार आहे. बडीशेप आजच काढून घे!" स्वयंपाकघरातून श्रीरंग बायकोला ओरडून म्हणाला.

हेमांगी कात्री घेऊन नॉर्वेतल्या त्यांच्या छोट्याशा बागेत उतरली. दाणे अजून हिरवेच होते; इथल्या उन्हात ते पिकतच नाहीत. मार्चमध्ये ती तापातून उठली, तेव्हापासून तिला वास येत नव्हता, चव कळत नव्हती. स्वयंपाक श्रीरंगच करायचा आणि ती काही न बोलता जेवायची.

तिने तुरे कापून टोपलीत टाकले. सवयीने चार दाणे चुरडून नाकाशी नेले आणि ती थबकली. पुन्हा चुरडून हुंगले. बडीशेपेचा गोडसर, ओला वास येत होता.

ती घरात आली ती थेट शेगडीपाशी. डावाने थोडी आमटी वाटीत घेऊन तिने चाखली.

"काय झालं गं?" तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून श्रीरंग घाबरला.

"आमटी करपलीय," ती म्हणाली, "आणि मीठही विसरलास."

श्रीरंग तिच्याकडे बघत मटकन खुर्चीत बसला.

"अजून सांग," तो म्हणाला, "अजून काय काय चुकलंय?"