शेवटच्या दृश्यातली कुरकुर

रविवारी सकाळचा परदेशी सिनेमा संपला आणि फिल्म क्लबची चर्चा सुरू झाली. शेवटी बायको झोपलेल्या नवऱ्याला कायमची सोडून जाते आणि अंधारलेल्या पडद्यावर फक्त दाराची कुरकुर ऐकू येते. त्या कुरकुरीवरच सगळे फिदा होते. "तो तिचा हुंदका आहे," असं क्लब चालवणाऱ्या सरांनी ठासून सांगितलं आणि बाकीच्यांनी त्यांचीच री ओढली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत सरांची बायको गप्प बसली होती. कुणीतरी गमतीने माईक तिच्या हातात दिला.

"बोला वहिनी, कसा वाटला?"

"तिला यातलं काही कळत नाही हो," सर घाईघाईने म्हणाले.

"बाकी छान होता," ती म्हणाली. "पण ती कुरकुर काही मला पटली नाही. जायचं ठरवलेली बाई आधी बिजागऱ्यांना तेल घालून ठेवेल."

हशा पिकला. सरही हसले, जरा जास्तच.

घरी आल्यावर सरांनी कुलूप काढून दार ढकललं. ती मागेच उभी होती. त्यांनी दार ओढलं, पुन्हा ढकललं. वीस वर्षं कुरकुरणाऱ्या त्या दाराने हूं की चूं केलं नाही.