चारातले दोन

नाट्यगृहाच्या छताला दिव्यांची लोखंडी चौकट तारेच्या चार दोरांनी टांगायची होती. “वजन एक टन, म्हणजे दोरामागे पाव टन. मग एवढे जाड दोर कशाला?” व्यवस्थापकाने कुरकुर केली. “चारही दोर सारखे कधीच ताणले जात नाहीत, साहेब,” इंजिनियरबाई म्हणाल्या. “भार शेवटी दोनच दोर घेतात. म्हणून हिशेबात दोनच धरायचे.” “आणि बाकीचे?” “तोल सांभाळतात. खालून चारही सारखेच दिसतात.” तेवढ्यात बाईंना त्यांच्या दादाचा फोन आला. “आईचं ठरलं बघ. आपण चौघं भावंडं, प्रत्येकाकडे तीन महिने. कुणा एकाच्या गळ्यात नको.” “बरं,” म्हणत बाईंनी वर पाहिलं. मग धाकट्या बहिणीला फोन लावला. “वाटणी कळली ना? पण आपण दोघीच आहोत असं धरून चालूया.” धाकटी म्हणाली, “ताई, मी आईसाठी खोली कालच रिकामी केली.”