डोळ्याचा नंबर

गुलबर्ग्याला एम.एस्सी. करणारी मंजुश्री महिनाभर हॉस्टेलच्या खाटेवरून उठली नाही, तेव्हा वॉर्डनबाईंनी तिच्या वडिलांना, भगवानरावांना, बोलावून घेतलं. मनाचा डॉक्टर गुलबर्ग्यातही होता, पण तिथं कुणी बघितलं असतं. म्हणून भगवानरावांनी लेकीला आधी बसवकल्याणला घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या बसमध्ये बसवलं. वाटेत दोघं ओळखीचे भेटले. "पोरीच्या डोळ्याचा नंबर काढायला जायलाव," असं त्यांनी दोघांनाही सांगितलं.

दवाखान्याच्या पायऱ्या चढताना ते हळूच म्हणाले, "आत लई बोलू नको मंजू. लग्न व्हायचंय अजून तुझं."

तिला तसंही बोलवत नव्हतं. डॉक्टरीणबाई दोघांना समोर बसवून एकेक विचारत गेल्या. झोप लागत नाही का? जेवण बेचव लागतं का? कारण नसताना रडू येतं का? सकाळी उठूच नये, असं वाटतं का? प्रत्येक प्रश्नाला मंजुश्रीनं नुसती मान डोलावली.

"किती दिवसांपासून होतंय असं?"

मंजुश्री मनातल्या मनात आठवडे मोजू लागली.




"मला तर ही जन्मायच्या आधीपासनं," भगवानराव म्हणाले.