लायसन विभाग

नोकरी सोडून मुलाने मागच्या खोलीत औषधांच्या दुकानांसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम बनवायला आणि विकायला घेतला, तेव्हापासून घरात चिटपाखरू फिरकत नव्हतं. म्हणून बंद दारामागून दोघातिघांचे आवाज येऊ लागले, तसं आईला हायसं वाटलं. लेकाला माणसं भेटली एकदाची! आज ती मुद्दाम विचारायला गेली, "काय रे, जेवायला थांबतायत का तुझे मित्र?"

खोलीत मुलगा एकटाच. फोनवर मऊ आवाजात म्हणत होता, "थांबा हं, लायसनवाल्या साहेबांना देतो." मग घसा खाकरून जाड्याभरड्या आवाजात, "नमस्कार, लायसन विभाग. जुना कॉम्प्युटर बंद पडला का? नव्यावर प्रोग्रामचं लायसन चालू करून देतो."

आईला बघून तो ओशाळला. फोनवर हात ठेवून कुजबुजला, "एकटा आहे कळलं की गिऱ्हाईक पळतं गं. म्हणतात, उद्या तू आजारी पडलास तर आम्ही कोणाच्या तोंडाकडे बघायचं? आता हे गृहस्थ मालकांनाच द्या म्हणतायत, आणि माझ्याकडचे आवाज संपले."



"मेल्या, मग मी काय शोभेला आहे घरात?" तिने फोन हिसकावून घेतला आणि ताठ बसली.

"हं, बोला. आम्ही सगळे इथेच आहोत."