थोल

“थोल,” प्राध्यापक म्हणाले.

“आले, आले! तोल गेला का? हलू नका.” नळ तसाच वाहता सोडून ती धावली आणि ओल्या हातानेच तिने नवऱ्याचा हात धरला. ते दाराच्या चौकटीत ताठ उभे होते. तिने धरल्यावर चालू लागले. खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत पोचताना ते पुन्हा एकदा, हळू आवाजात म्हणाले, “थोल.” तिने पकड आणखी घट्ट केली.

आजारपणानंतर त्यांना सगळं समजत होतं, पण बोलणं गेलं होतं. जन्मभर शब्दांवर जगलेल्या माणसाकडे हा एवढा एकच शब्द उरला होता. तोही जिभेवर जरा जाड होऊन यायचा, असं तिला वाटे. तो कानावर पडला की ती हातातलं काम टाकून यायची. बैठकीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून पलंगापाशी, दिवसभर त्यांचा हात तिच्या हातात असायचा.

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. फिरायला निघाले की ते चार पावलं पुढे असायचे. हात पाठीशी बांधलेले आणि डोक्यात कुठलं तरी जुनं इंग्रजी क्रियापद. मागून चालून चालून तिला त्यांच्या चपलांच्या झिजलेल्या टाचा पाठ झाल्या होत्या. बोलण्यातून गेलेल्या क्रियापदांवर त्यांचा अभ्यास होता. साहेब घरी काय करतात, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, “मला सवती पुष्कळ आहेत. सगळ्या मेलेल्या, पण एक घर सोडेल तर शपथ!” लोक हसायचे. तीही हसायची. मग संध्याकाळी त्यांच्या खोलीचं दार लागायचं, आणि ती इकडे रेडिओ बारीक आवाजात लावून बसायची.

म्हातारपणी का होईना, तो हात तिच्या वाट्याला आला होता.

त्या दिवशी व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “आजी, आजोबांचे पाय अगदी चांगले आहेत. तुम्ही धरता म्हणून ते चालत नाहीत. आजपासून हात सोडायचा.”

“अगं, ते स्वतः सांगतात ना तोल जातो म्हणून! मला काय हौस आहे धरायची?” ती म्हणाली. जरा जास्तच जोरात म्हणाली.

प्राध्यापकांना भेटायला त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली होती. आता ती स्वतःच कॉलेजात शिकवत होती. तिने कप खाली ठेवला. “सर, परत म्हणा बघू.”

“थोल.”

“काकू, हा तोल नाही हो. थोल. थ! इंग्रजीतलं जुनं क्रियापद आहे. सरांनीच तर शिकवलं आम्हाला.” मग वर्गात उभी असल्यासारखी ती सांगत सुटली. आधी त्याचा अर्थ भार पेलणं. मग दुखणं सोसणं. मग कुणाचं वागणं चालवून घेणं, करतोय तर करू दे म्हणून गप्प राहणं. फार जुन्या लिखाणात तर एखाद्या गोष्टीला मुकणं, तिच्यावाचून दिवस काढणं. पुढे लोकांना दुसरे शब्द मिळाले आणि हा मागे पडला. तिकडे विलायतेत, उत्तरेकडे कुठे कुठे अजून बोलतात म्हणे. “आणि गंमत बघा, आपला तोल, तुला, म्हणजे तराजू, हे सगळे त्याचे भाऊबंद. एकाच आजीची नातवंडं!”

“पण मग हे मला काय सांगतात?”

विद्यार्थिनी अडखळली. “सोसतोय. किंवा... चालवून घेतोय.”

“बघा! म्हणजे तोलाची तक्रार नव्हतीच,” व्यायामाची मुलगी खूश होऊन म्हणाली. “चला आजी, सोडा हात.”

तिने हात सोडला. धरल्यावरही ते पुन्हा का बोलायचे, हे तिला आता उमगलं. ती पकड घट्ट करत होती आणि ते सोसत होते. खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी एक खुर्ची होती. तिथे जाऊन ती बसली. हातांचं काय करावं हे सुचेना, तेव्हा तिने ते मांडीखाली दाबून धरले.

“सोड म्हणायला शब्दच नव्हता हो बिचाऱ्यांकडे,” ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं की नाही, कोण जाणे.

प्राध्यापक चालू लागले. खिडकीपर्यंत गेले, वळले, परत निघाले. पाय कुठेही अडखळला नाही. व्यायामाची मुलगी म्हणाली, “शाब्बास आजोबा!” विद्यार्थिनीने टाळ्या वाजवल्या. त्या दोघींकडे त्यांचं लक्ष नव्हतं. खोलीच्या मध्यावर ते थांबले आणि भिंतीजवळच्या खुर्चीकडे बघत राहिले.

“थ...” ते म्हणाले. त्यांनी जोरात मान हलवली. हे नव्हे. ओठ नुसतेच हलले. जीभ दातांशी अडली, सुटली, पुन्हा अडली. कपाळावर घाम आला. जन्मात कधी शब्द चुकू न दिलेला तो माणूस खोलीच्या मधोमध, खांबासारखा ताठ उभा राहून, काहीतरी जुळवत होता.

“तोल,” ते म्हणाले. अगदी स्पष्ट. आणि त्यांनी तिच्याकडे हात पुढे केला.