विटांवरचं इंजिन

थोरला भाऊ गेल्यावर त्याची जुनी जीप धाकट्याने घरच्या शेडमध्ये उघडली. "इंजिन तेवढं बदलू नकोस रे," थोरल्याने बजावलं होतं, आणि धाकट्याने मान डोलावली होती. तरीही त्याने पेट्रोलचं इंजिन काढून कोपऱ्यात विटांवर ठेवलं आणि डिझेलचं बसवलं.

पहिली फेरी मारून तो परतला, तेव्हा वहिनी शेडच्या दारात उभी होती.

"काय वहिनी, ट्रॅक्टर आल्यासारखं वाटलं ना?"

"भाऊजी, तुम्ही फाटकाबाहेर पडलात आणि यांचं इंजिन इथे सुरू झालं. आत्ता तुम्ही जीप बंद केलीत, तेव्हा कुठे आवाज थांबला."

त्या इंजिनात ना तेल होतं, ना पेट्रोल. धाकट्याने त्यावर हात ठेवला. चटका बसला.

"चुकलो रे दादा," तो पुटपुटला. पण त्याला हात काढवेना, कारण तळव्याखालची धडधड हळूहळू मंदावत चालली होती.