पाच शतांश जादा

“पुन्हा पाच शतांश जादा,” म्हणून, सगळे ज्याला काटा म्हणायचे त्याने मोजलेला धातूचा तुकडा टेबलावर आपटला.

त्याच्या मेहुण्याने तुकडा उचलला, पुसला आणि त्याच्या अंगावर कानशीने एक बारीक तिरका ओरखडा मारला. हातून झालेल्या प्रत्येक कामावर तो हा ओरखडा मारायचा. जुनी खोड.

“सही कसली ठोकतोस? भंगार आहे ते.”

“भंगार तर भंगार, भाऊजी. माझंच आहे ना.”

काट्याला हा टोमणा वाटला. होताच तो.

काट्याच्या घरातल्या गाडी ठेवायच्या खोलीत गाडी कधीच नव्हती. आता तिथे कॉम्प्युटरच्या हुकमावर धातू कापणारं सीएनसी मिलिंग मशीन होतं, हत्तीच्या पिल्लाएवढं. अकरा वर्षांपूर्वी कारखान्यात याच मशीनवर मेहुणा उभा राहायचा, आणि तिथेच काटा मापं तपासायचा. काटा हे नाव कामगारांनी ठेवलेलं, प्रेमाने नव्हे. एका पाळीत मेहुण्याचे तीनशे तुकडे पाच शतांश मिलिमीटर जादा निघाले. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक. काट्याने तीनशेच्या तीनशे नापास केले.

“मशीन बरोबर आहे, मीही बरोबर आहे,” मेहुणा ओरडून सांगत होता.

“दोघांपैकी एक खोटं आहे,” काटा म्हणाला होता.

वरच्यांना एवढंच हवं होतं. मेहुण्याला हाकललं. मग ऑर्डर गेली, तिच्यामागे महिन्याभरात कारखाना गेला, आणि काटाही घरी बसला. चुका करतो म्हणून हाकललेल्याला पुन्हा मशीनवर कोण उभं करतो? मेहुणा तेव्हापासून लोकांच्या खिडक्यांना जाळ्या ठोकत होता.

बायको त्या दिवशी अवाक्षर बोलली नव्हती. ना भावाची बाजू घेतली, ना नवऱ्याची. काट्याला तिचा अभिमान वाटला होता.

भंगाराच्या आवारात हे मशीन दिसलं तेव्हा काट्याच्या डोक्यात किडा वळवळला. मशीन उघडायचं, दोष शोधायचा, मेहुण्यासमोर ठेवायचा. दोष मशीनचा निघाला की मेहुणा सुटला. आणि आपणही.

“नका आणू ते धूड घरात,” बायको म्हणाली होती. “झालं ते झालं. कशाला उकरून काढता?”

काटा ऐकतो कुणाचं?

आठ महिने घासाघीस चालली. गंज खरवडला. टेबल सरकवणारे स्क्रू बदलले, बेअरिंग बदलली, मोटारी नव्या, वायरी नव्या. जुना कंट्रोलर काढून त्याजागी कॉम्प्युटर बसवला. महिन्याभरापूर्वी मेहुणा आला, अकरा वर्षांत पहिल्यांदा. “ताईसाठी आलोय,” हे त्याने दारातच सांगून टाकलं.

आणि आता हे. चाळीस मिलिमीटर सांगितलं की चाळीस पूर्णांक शून्य पाच. मेहुणा बाजूला झाला, काट्याने स्वतः तुकडा कापला. शून्य पाच. मशीन थंड असताना, मशीन तापल्यावर, सकाळी, दुपारी. शून्य पाच.

काट्याचं डोकं भणभणलं. मशीनमध्ये जुनं असं ओतीव लोखंडच उरलं होतं. मेहुणा नीट, आपण नीट, मग हे पाच शतांश येतात कुठून? भूत आहे की काय?

त्याने पुन्हा आपली मापाची डबी उघडली. त्याचा स्वतःचा मायक्रोमीटर. कारखान्यावर विश्वास नव्हता म्हणून रोज संध्याकाळी तो डबी घरी आणायचा. आत मापाची एक पोलादी कांडी, पंचवीस मिलिमीटर बरोब्बर, मधोमध काळी प्लॅस्टिकची नळी चढवलेली. तिच्यावर मायक्रोमीटर जुळवल्याशिवाय त्याने आयुष्यात कशाचं माप घेतलं नव्हतं. एकदा डबी जागेवरून हलली म्हणून त्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं. अजूनही तो डबी उघडायला लागला की बायको खोलीतून निघून जायची. आताही गेली, चहा टाकते म्हणून.

मेहुण्याने खिशातून आपला डिजिटल व्हर्निअर काढला आणि तुकडा मोजला.

“चाळीस. पुढे शून्यच शून्य.”

“जाळ्या मोजायचं खेळणं ते. माझ्या मापाशी बरोबरी करतंय?”

“मग तुमची कांडी द्या. खेळण्यानेच मोजतो.”

अकरा वर्षांत ती कांडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. काट्याने दिली. कशी दिली ते त्यालाही कळलं नाही.

“चोवीस पूर्णांक पंच्याण्णव.”

“पुन्हा मोज.”

मेहुण्याने तीनदा मोजलं. तिन्ही वेळा तेच.

काटा स्टुलावर बसला. कांडी पाच शतांश आखूड, म्हणजे तिला पंचवीस धरून घेतलेलं प्रत्येक माप पाच शतांश जादा. मशीन खरं होतं. माणूस खरा होता. खोटं होतं ते त्याच्या डबीत.

“मी खाल्लं रे तुला,” तो म्हणाला. “अख्खा कारखाना खाल्ला. तू मला चार लोकांत जोड्याने मार.”

याच वाक्यासाठी मेहुणा अकरा वर्षं थांबला होता, आणि आता त्याला ते ऐकवेना. काहीतरी चाळा म्हणून तो कांडीवरची नळी सरकवू लागला. नळी सैल होती, सहज निघाली. आतलं पोलाद चकचकीत होतं. त्याने ते उजेडात धरलं, अंगठ्याने चोळलं, पुन्हा धरलं.

मधोमध कानशीचा एक बारीक तिरका ओरखडा होता.

दारात बायको चहाचे कप घेऊन उभी होती. कांडी पाहून ती उंबरठ्याच्या आत आली नाही.

“ताई,” मेहुणा म्हणाला, “ही तर तू त्या पाळीच्या आदल्याच दिवशी माझ्याकडून करून नेलेली. कुठलीशी खुंटी हरवलीय, नळीत बसली की झालं, जरा इकडेतिकडे चालेल, म्हणाली होतीस.”